पाणभुंग्याची चोरी आणि माझी दोन पत्रकं

आमच्या घरातला देव्हारा छप्पन साली गेला आणि त्या कोनाड्यात पत्रकांची पेटी आली. मी जन्मले तोवर ती पेटी भरून झाकण लागेनासं झालं होतं. बाबा गावच्या शाळेत मास्तर. सभेला गेले की हातात पडेल ते पत्रक जपून घरी आणायचे. मला अक्षरओळख झाली ती त्या पत्रकांवरून, त्यामुळे प्रत्येक वाक्याच्या शेवटी उद्गारचिन्ह असतं अशी चौथीपर्यंत माझी समजूत होती. तिसरीत गाईवरचा निबंध मी ‘बंधूंनो आणि भगिनींनो!’ असा सुरू केला आणि ‘गाय दूध देते, पण ते पितं कोण?’ या सवालाने संपवला. गुरुजींनी शून्य दिलं. गुरुजी म्हणजे बाबाच. पण घरी आल्यावर त्यांनी तो निबंध पेटीत ठेवला.

पुढे चंद्रपूरला राहून मी प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले आणि गोंडपिपरीकडच्या आमच्या गावी परत आले. गडचिरोली जिल्हा तेव्हा नुकताच वेगळा झाला होता. नदीपलीकडचे लोक नव्या जिल्ह्यात गेले, आम्ही जुन्यातच राहिलो. नोकरीचे अर्ज टाकले होते. उत्तर येईपर्यंत गावाला जागं करायचं असं मी ठरवलं. अडचण एवढीच होती की गाव पहाटे चारलाच जागं व्हायचं आणि आठ वाजेपर्यंत झोपलेली मी एकटीच असायचे.

गावामागे मोठा तलाव, आणि त्याला लागून एक लहानशी बोडी. उन्हाळ्यात ती कोरडी पडायची, आषाढात भरायची. मच्छीमार सोसायटी तिच्यात माशांची पिल्लं सोडायची आणि ती बोटाएवढी झाली की मोठ्या तलावात टाकायची. बोडीच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, एक झोपडी होती. तिच्यात राखणदार राहायचा, मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजातला, साठीचा, एकटा माणूस. मला पोहायला त्यानेच शिकवलं होतं, म्हणजे पाण्यात फेकून दिलं होतं. मी त्याला भाऊ म्हणायचे. तो मला पोरी म्हणायचा आणि रागावला की बाई. सोसायटी त्याला राखणीबद्दल तांदूळ द्यायची आणि ती झोपडी. तेवढंच त्याचं होतं.

सोसायटीचे अध्यक्ष राइस मिलवाले होते. ते पाण्यात कधी घोट्याच्या वर उतरल्याचं कुणी पाहिलं नव्हतं.

त्या वर्षी पिल्लं मुलचेऱ्याकडच्या बंगाली वस्तीतून आली. एक बंगाली गृहस्थ अॅल्युमिनियमची हंडी मांडीशी धरून एस.टी.त बसून आला. पिल्लांना हवा मिळावी म्हणून हंडीतल्या पाण्यावर तो वाटभर हाताने थापट्या मारत होता. गाडीतून उतरलेला प्रत्येक माणूस गुडघ्यापर्यंत ओला होता. पिल्लं जिऱ्याएवढी. सगळी बोडीत सोडली. बारा दिवसांनी भाऊंनी मच्छरदाणीच्या कापडाचं जाळं फिरवलं, तर ओंजळभरसुद्धा निघाली नाहीत.

मी लगेच पाळीवर गेले. त्या काळात मी छापील बोलायचे.

“भाऊ, पिल्लं कुणी नेली?”

“कोन नेते? किड्यानं खाल्ली.”

“सगळी?”

“सगळी. पाणभुंगा हाय, त्याची अळी हाय. म्या अध्यक्षाले सांगतलं, तीन किलो जवसाचं तेल दे अन् एक किलो साबन दे. तर तो मले हासला.”

दबलेला माणूस मालकाचं नाव घेत नाही, हे मी पत्रकांत शंभरदा वाचलं होतं. तो नशिबावर ढकलतो, देवावर ढकलतो, भुताखेतांवर ढकलतो. किडा त्या यादीत नव्हता. तो मी मनातल्या मनात घातला. मी आवाज खाली आणला.

“भाऊ, घाबरू नका. इथे आपल्याशिवाय कुणी नाही.”

भाऊंनी इकडेतिकडे पाहिलं. “अवं, मी कायले घाबरू? किड्याले?”

मी त्यांचा हात दाबला. सगळं समजलं, असं सांगणारं ते दाबणं होतं. ते माझ्या हाताकडे बघत राहिले.

माझ्याकडे प्राणिशास्त्राची पदवी होती हे इथे कबूल केलं पाहिजे. मी झुरळ फाडलं होतं, बेडूक फाडला होता. पण आमच्या पुस्तकात अन्नसाखळीचा बाण किड्याकडून माशाकडे जायचा. किडा खाली, मासा वर. उलटा बाण मी वहीत कधी काढला नव्हता, म्हणून तो जगात असूच शकत नव्हता. खालच्यांनी वर उलटून यावं यासाठी मी रात्रंदिवस झटत होते, आणि माझ्या डोळ्यांसमोर एक किडा उलटला होता तर मी त्याच्यावर विश्वास ठेवायला तयार नव्हते.

चार दिवसांत पत्रक तयार झालं. मथळा, ‘तलावातले लुटारू कोण?’ चंद्रपूरच्या छापखान्यात लग्नपत्रिकांचा गुलाबी कागद उरला होता, त्यावर ते छापलं. शोषक हा शब्द चार वेळा होता. आणि माझं सगळ्यात आवडतं वाक्य असं होतं: ‘ज्या राखणदाराच्या घरी डोक्याला तेल नाही, अंगाला साबण नाही, जो त्यासाठी अध्यक्षांपुढे हात पसरतो, त्याच्या डोळ्यांदेखत हजारो पिल्लं कुणाच्या घशात गेली?’ बाबांनी दोन उद्गारचिन्हं काढली आणि ‘घशात गेली’ चांगलं आहे म्हणाले.

बाजाराच्या दिवशी मी ते वाटलं. बहुतेकांनी त्यात मिरच्या बांधून नेल्या. शेवटपर्यंत वाचणारा माणूस एकच निघाला. तो म्हणजे अध्यक्ष.

सोसायटीची बैठक भरली. मला वाटलं होतं अध्यक्ष चिडतील, थरथर कापतील. ते हसत आले, चष्मा पुसला, पत्रक उघडलं आणि माझं आवडतं वाक्य मोठ्याने वाचून दाखवलं. वाचलंही चांगलं.

“बाईनं बराबर लिहलं,” ते म्हणाले. “शिकली-सवरली पोरगी हाय. चोरी झाली. आता मले सांगा, बोडीवर कोन राह्यते? मी राह्यतो का? अन् तेल नाई, साबन नाई, हे मी नाई म्हनत, बाईच म्हनते. असा मानूस मासोळीचं बीज बाजारात नेऊन इकन, नाईतर काय करन?”

सगळ्यांनी भाऊंकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी उभी राहिले. पण पत्रकातल्या एका वाक्याला उत्तर देणारं दुसरं वाक्य त्याच पत्रकात नव्हतं, आणि तोंडी बोलायची मला सवय नव्हती. ठरलं ते असं: दुसरी हंडी मागवायची. ती सोडल्यापासून पंधरा दिवसांनी जाळं फिरवायचं. पिल्लं पुन्हा गेली तर राखणदाराने झोपडी रिकामी करायची. अध्यक्षांचा एक साळा तिथे राहायला तयारच होता.

बाहेर आल्यावर भाऊ चपला घालता घालता थांबले. “मले वाचता येत नाई बाई, म्हून इचारतो. माह्या घरी साबन नाई असं लिहलं तू?”

“भाऊ, त्याचा व्यापक अर्थ...”

“माह्या घरी साबन हाय,” ते म्हणाले आणि गेले.

दुसरी हंडी आली. चोर पकडल्याशिवाय भाऊ सुटत नाहीत हे उघड होतं, म्हणून राखण मी स्वतः करायची असं ठरवलं. सभेसाठी बाबांनी जपून ठेवलेली गॅसबत्ती घेतली आणि दिवेलागणीला पाळीवर जाऊन बसले.

“बत्ती कायले?” भाऊंनी विचारलं.

“आपण जागे आहोत हे चोराला कळावं म्हणून.”

ते झोपडीच्या दारात बिडी ओढत बसले. थोड्या वेळाने बत्तीच्या काचेवर टप्पकन काहीतरी आपटलं. मग दुसरं. मग माझ्या कपाळावर. चिंचोक्याला तेल लावावं तसे चकचकीत, काळपट, कडेला पिवळी किनार असलेले भुंगे उडत येत होते, काचेवर आदळत होते, तिथून घरंगळून बोडीत डुबकी मारत होते. एक वेणीत अडकला. तो सोडवायला गेले तर त्याने तळहातावर पांढरं दुधासारखं काहीतरी सोडलं. त्या वासाने मी तो हात अंगापासून लांब धरून बसले.

बराच वेळ मजा बघून भाऊ उठले. “झालं? पंगत भरली. आता अजून कोनाले आवतन द्याचं हाय?” आणि त्यांनी बत्ती मालवली. “अवं, हा दिवस बुडाला का उडते. पानी चमकताना दिसलं का पडते. आपल्या मनानं चार येतात. तू चाळीस बोलावले.”

सकाळी त्यांनी मला पाण्याच्या कडेला बसवलं आणि पितळेच्या थाळीत बोडीचं पाणी घेतलं. त्यात आठदहा पिल्लं होती आणि एक अळी. बोटाएवढी लांब, चपटं डोकं, तोंडाला विळ्यासारख्या दोन नांग्या. ती शेपटीचं टोक पाण्याच्या वर काढून खाली डोकं लोंबवून निवांत लटकली होती. एक पिल्लू जवळून गेलं. नांग्या मिटल्या. ती चावत नव्हती, गिळत नव्हती. नुसती धरून राहिली होती. पिल्लू हळूहळू रिकामं होत गेलं आणि शेवटी बाहेरचं पातळ कातडं तेवढं थाळीत तरंगलं.

“नांगी पोकळ असते तिची,” भाऊ म्हणाले. “तिच्यातून औषध सोडते, आतलं पातळ करते अन् मंग पिते.”

शोषक हा शब्द मी चार वेळा छापला होता. प्रत्यक्ष शोषण त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

भाऊंनी थाळीत दुसरी अळी सोडली. मला वाटलं आता त्या मिळून पिल्लांवर तुटून पडतील. त्या एकमेकींकडे वळल्या आणि जराशाने थाळीत एकच अळी उरली.

“भाऊबंद हायेत,” भाऊंनी खुलासा केला.

मग त्यांनी बोट दाखवलं. एक मोठा भुंगा मागचे दोन्ही पाय एकदम मारत, नावाडी वल्ही मारतो तसा, वर आला. पण तोंडाने नाही. मागचं टोक त्याने पाण्याबाहेर काढलं, पंखांखाली हवा भरली आणि पुन्हा खाली गेला.

“पाह्यलं? ढुंगणानं दम घेते हा. अळीबी तशीच. पान्यावर तेल पसरलं का तिथीच त्याचा दम कोंडते. मासोळीले काही होत नाई. तिचा दम पान्यातच असते.”

हे मला पाठ होतं. श्वासरंध्रं, कल्ले, सगळं पाठ होतं. पण ते वेगळ्या वेगळ्या प्रकरणांत होतं आणि त्यातली निम्मी प्रकरणं झुरळाची होती.

“भाऊ, मग हे तुम्ही मला आधीच का नाही सांगितलं?”

“सांगतलं,” भाऊ म्हणाले. “तू माहा हात दाबला.”

मी विचारलं, मोठ्या तलावातही हे किडे आहेत, तिथे कसं चालतं? भाऊ म्हणाले, तिथे मोठ्या मासोळ्या यांनाच खातात. बोडी उन्हाळ्यात आटते, तिच्यात जुनं मोठं कुणी उरत नाही. पाणी आलं की सगळ्यांच्या आधी हा उडत येतो आणि राजा होऊन बसतो. “डासाच्या अळ्याबी खाते, बेंडकाची पोरंबी खाते. त्यालेबी पोट हाय नं.” मी त्या किड्याच्या समूळ उच्चाटनाची भाषा करत होते आणि ज्याची झोपडी जाणार होती तो माणूस त्याच्या पोटाचा विचार करत होता.

तेल आणायचं कुठून हा प्रश्न होता. अध्यक्षांकडे पुन्हा जाणं शक्य नव्हतं. मी आईपुढे उभी राहिले. जवसाच्या तेलाचा डबा वर्षाचा होता.

“मासोळ्या तळाच्या असत्या तर मले समजलं असतं,” आई म्हणाली. “पान्यात वतते?”

“हा तत्त्वाचा प्रश्न आहे.”

“तुह्या तत्त्वाले रोज तेल लागते. काल बत्तीत वतलं, आज बोडीत.”

मग मी पत्रकाचं सांगितलं, आणि साबणाचं. आई माझ्याकडे वळली. “त्या मानसाच्या घरी साबन नाई असं छापलं तू? बाजारात वाटलं?” तिने डबा माझ्यापुढे आदळला, कपड्याच्या साबणाच्या वड्या काढल्या आणि विळीवर स्वतःच किसायला बसली. किसताना तिचा हात इतका जोरात चालला होता की मी लांब उभी राहिले.

साबण गरम पाण्यात विरघळवला, त्यात तेल ओतलं आणि रवीने घुसळलं. ताकासारखं पांढरं झाल्यावर बादलीत भरून पाळीवर नेलं. भाऊ हवेत बोट धरून वारा पडायची वाट बघत होते. वारा पडला तेव्हा पाळीवरून चालत चालत त्यांनी मग्ग्याने ते पाण्यावर शिंपडलं. पाणी दुधट झालं, मग त्यावर एक पातळ सप्तरंगी साय धरली. पहिली काही मिनिटं काहीच झालं नाही. मग ढुंगणं वर यायला लागली. एक, दोन, दहा. वर यायची, खाली जायची, घाईघाईने पुन्हा वर यायची. मग सैल होऊन तिथेच तरंगायला लागली. भाऊ ती सुपाने काठावर ओढत होते. मला राहवलं नाही, मी मूठ वर करून घोषणा द्यायला तोंड उघडलं.

“ओरडू नको,” भाऊ म्हणाले. “वारा सुटन.”

पुरावा म्हणून काही अळ्या मी आधीच वेगळ्या काढून काचेच्या बरणीत ठेवल्या होत्या. सात ठेवल्या होत्या. बैठकीच्या दिवसापर्यंत एकच उरली, आणि ती चांगलीच गुटगुटीत झाली होती.

पंधराव्या दिवशी सगळ्यांसमोर जाळं फिरलं. कापडात नखाएवढी पिल्लं नुसती वळवळत होती. लोक खूश झाले. मला वाटलं, सुटलो. भाऊंनीही डोक्याचं फडकं सोडून पुन्हा बांधलं. तेव्हा अध्यक्ष खाकरले.

“म्हंजे पाह्यलं? लक्ष ठेवलं तर बीज राह्यते. मांगच्या बारीले यानंच नेलं होतं. या बारीले भेवानं नेलं नाई. मानूस बदलवाच लागन.”

मी बरणी मधोमध ठेवली. तिच्यात दोन पिल्लं सोडली आणि म्हटलं, चोर हा आहे, बघा. पंचवीस माणसं वाकून बघायला लागली. अळी लटकून राहिली. पिल्लू नांगीवरून फिरलं तरी ती हलली नाही. सहा बहिणी खाऊन तिचं पोट भरलं होतं.

“चोराले आज उपास हाय वाट्टे,” अध्यक्ष म्हणाले. हशा झाला.

भाऊ पुढे आले, बरणीशी उकिडवे बसले आणि म्हणाले, “थांबा.” बाकी काहीच केलं नाही. सगळे थांबले. कुणीतरी तंबाखू मळली. दुसऱ्याने विचारलं जेवायची सुट्टी होईल का. आणि त्याचं बोलणं संपायच्या आत नांग्या मिटल्या. मग सगळ्यांनी पिल्लू रिकामं होताना बघितलं. तंबाखू मळणारा हात तसाच राहिला.

“चोरी झालीच नाही,” मी म्हटलं. “पहिल्या वेळीही नाही.”

“कोनीच केली नाई?” अध्यक्षांचा आवाज एकदम मऊ झाला.

“कुणीच नाही.”

“नाव घेऊन सांगा नं बाई.”

“राखणदाराने केली नाही.”

“अन्?”

समोरचा माणूस धान्यात काटा मारतो हे गावाला माहीत होतं. त्याच्याबद्दल माझ्या तोंडून चांगला शब्द निघावा यापेक्षा मी ती अळी गिळली असती. पण चोर कुणीच नव्हता हे जर खरं होतं, तर ते दोघांनाही लागू होतं. अर्धंच सांगितलं तर भाऊंचं अर्धंही कुणी खरं मानलं नसतं.

“अध्यक्षांनीही केली नाही.”

“मांगच्या लोकाइले आयकू नाई आलं.”

“अध्यक्षांनी चोरी केली नाही!” मी ओरडले. उद्गारचिन्ह सवयीने आलं.

“छापून द्या,” अध्यक्ष म्हणाले.

“देते. पण राखणदार बदलणार नाही, हे आत्ता सगळ्यांसमोर बोला.”

त्यांनी बरणीकडे पाहिलं, लोकांकडे पाहिलं आणि बोलले. साळ्याने तोंड वाकडं केलं.

दुसरं पत्रकही गुलाबीच निघालं, कागद अजून संपला नव्हता. त्यात पाणभुंगा कसा येतो, कसा खातो, साबणतेल कसं घुसळायचं, वारा पडल्यावरच का टाकायचं, बोडीवर बत्ती का लावायची नाही हे सगळं होतं. तेलसाबणाचा खर्च सोसायटीने दरवर्षी द्यावा ही मागणी होती. ‘माझी चूक झाली’ हे वाक्य होतं. आणि अगदी वर, मथळ्याखाली, एका ओळीत एकटंच: ‘राखणदाराच्या घरी साबण आहे.’ बाबांनी ते दोनदा वाचलं. “इतकी वर्षं पत्रकं जमवतो,” ते म्हणाले, “पण चूक झाली म्हणणारं एकही पेटीत नाही.” त्यांनी ते सगळ्यात वर ठेवलं. अध्यक्षांनी त्यातल्या ‘अध्यक्षांनी चोरी केली नाही’ या ओळीखाली लाल रेघ मारली आणि चौकट करून राइस मिलमध्ये काट्याच्या बरोबर वर टांगलं. मी त्या रस्त्याने जाणं सोडलं.

पुढच्या आषाढात तेल आणि साबण सोसायटीकडून आलं. अध्यक्ष नारळ फोडायला जातीने आले. बरोबर तालुक्याचे दोन पाहुणे होते. त्यांना पाणभुंग्याबद्दल सगळी माहिती अध्यक्षच देत होते, माझ्या पत्रकातल्याच शब्दांत. “हे अशी धराची,” म्हणून त्यांनी थाळीत हात घातला आणि दोन बोटांत अळी उचलली. तिनेही त्यांना धरलं.

पुढे त्यांनी जे म्हटलं ते छापता येण्यासारखं नाही. हात झटकत, एका पायावर नाचत ते पाळीवरून हाका मारत सुटले, “राखणदार! अरे राखणदार कुठी हाय?”

“इथीच हाय नं साहेब,” भाऊ झोपडीच्या दारातून म्हणाले. “साबन आनू का?”